घरात गवंडी, जावा रायपुरात

आमच्या नाशिकच्या घरात जानेवारीत गवंडी आले आणि आम्ही दोघी जावा रायपूरला गेलो. निघण्याआधी शेजारणींनी विचारलं होतं, रायपूरला काय आहे एवढं? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. हे लिहायला बसले आहे ते त्यांच्यासाठी.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, खाली चार खोल्या, वर दोन. खाली थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, कुसुमवहिनी आणि त्यांचा मुलगा केदार. वर आम्ही दोघं. आमची मुलगी नोकरीसाठी हैदराबादला असते. राहणं वर आणि खाली, पण स्वयंपाकघर खालचं एकच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून वहिनींच्या हाताखाली त्याच ओट्यापाशी उभी आहे. केदारचं लग्न ठरलं आणि एका दुपारी जेवताना ह्यांनी सांगितलं की खालची फरशी, नळ, ओटा सगळं बदलायचं आणि वर आमच्यासाठी वेगळं स्वयंपाकघर काढायचं. वहिनी तेव्हा कोशिंबीर वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

भांडण झालं असतं तर मला काही विचारता तरी आलं असतं. भांडण नव्हतंच. नवी सून येणार, ओट्यापाशी तिघी जास्त होणार, आणि त्यातली जास्तीची कोण हे उघड होतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि आमटीचं भांडं आत नेलं. त्यानंतरचे काही आठवडे भांडी वेगळी करण्यात गेले. हे वर, हे खाली. दोघी एकमेकींशी फार नीट बोलत होतो. इतकं नीट आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

वहिनींना धुळीनं खोकला होतो, दम लागतो. शिवाय कंत्राटदारानं ह्यांना हळूच सांगितलं होतं की दोघी बायका घरात असल्या तर गवंड्यांना दर तासाला नवी सूचना मिळेल. वहिनींची मावसबहीण शोभाताई रायपूरला असते आणि ती वर्षानुवर्षं बोलावत होती. वहिनी एकट्या एवढ्या लांब जाणार नाहीत, म्हणून सोबतीला मी. पुरुषांनी डबा लावला. वहिनींबरोबर एका खोलीत इतके दिवस काढायचे या विचारानं मला धास्ती वाटत होती, पण ती काही प्रवासाच्या तयारीत मोजत नाहीत.

चौबे कॉलनी

शोभाताई स्टेशनवर आली होती ती स्कूटर घेऊन. पासष्टीची बाई, नऊवार नाही, पण सुती साडी घट्ट खोचलेली, वर हेल्मेट. सामान आणि आम्हाला तिनं रिक्षात बसवलं आणि स्वतः स्कूटरवर रिक्षाच्या पुढे निघाली, रस्ता दाखवायला. प्रत्येक चौकात मागे वळून बघायची. रिक्षावाला म्हणाला, दीदी को बोलो सामने देखे.

दारात पोचल्यावर तिनं वहिनींच्या दोन्ही गालांना हात लावला. “कुसुम, किती वाळून गेली व तू. मले वाटलं, या जन्मात काही येऊन नाही राहिली तू.”

आणि आमच्या वहिनी, ज्या नाशिकला दूधवाल्याशीसुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलतात, म्हणाल्या, “काहून नाही येणार? तू बोलावून राहिली अन् मी नाही येणार?”

मी बघतच राहिले. वहिनी वर्ध्याच्या, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या तोंडून ही भाषा मी कधी ऐकली नव्हती. सासरी आल्यावर त्यांनी ती काढून ठेवली असणार, जशी आपण माहेरची एखादी साडी ट्रंकेत ठेवतो आणि नेसायचा प्रसंगच येत नाही. शोभाताईच्या घरात त्या दिवसभर तीच बोलल्या आणि जोरजोरात हसल्या. नाशिकला वहिनी तोंडावर पदर धरून हसतात.

शोभाताईच्या सासरची माणसं भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेली. किती पिढ्या झाल्या, हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही. तिचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा परगावी कामाला, दर पंधरवड्याला येतो. घरात असतात ती शोभाताई आणि सून पल्लवी. पल्लवी नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात काम करते. सकाळी शोभाताई विचारते, डबा भरला का. पल्लवी म्हणते, हाँ मम्मी, भर लिया. शोभाताई म्हणते, लवकर येजो; पल्लवी म्हणते, कोशिश करूँगी. एक मराठीत, एक हिंदीत, आणि दोघींपैकी कोणालाच यात काही विशेष वाटत नाही. पहिल्या दिवशी मी पल्लवीशी हिंदीत बोलायला गेले तर ती म्हणाली, “चाची, आप मराठी में बोलो ना. अच्छा लगता है.”

आणि जेवण. आपल्याकडे आधी पोळी-भाजी आणि भात शेवटी. इथे भात हेच जेवण, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला. तांदळाच्या पिठाची धिरडी, त्यांना चीला म्हणतात, टोमॅटोच्या झणझणीत चटणीबरोबर. तांदळाच्याच उकडीच्या बोटाएवढ्या वळ्या वाफवून तीळ-मिरचीची फोडणी दिलेला फरा. लाल माठाची परतलेली भाजी, भाताला गुलाबी करणारी. उडदाच्या वाटलेल्या डाळीच्या गोळ्यांची डुबकी कढी, आणि तिच्या शेजारी चक्क आपलं भरलं वांगं, कारण घर शेवटी मराठी. मला वाटलं होतं पोळीवाचून माझं पोट भरणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पल्लवीनं माझ्यासाठी मुद्दाम पोळ्या केल्या आणि मी भातच घेतला.

मला सगळ्यात आवडलं ते ‘हव’. छत्तीसगढीत होकाराला हव म्हणतात. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो, देवळातला पुजारी म्हणतो. आपल्या ‘हो’मध्ये कधी कधी ‘आता पुरे’ असतं. या ‘हव’मध्ये समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतल्याची खूण असते. गावच तसं आहे. राजधानी झालं, मोठाले रस्ते झाले, पूल झाले, पण बाजारात भाजीवाली तुम्हाला आधी बसायला सांगते आणि मग भाजी दाखवते.

रात्री आम्हा दोघींना एकच खोली. वहिनी पाठ टेकताच झोपायच्या. नाशिकहून फोन आला की ह्यांचा आवाज मागच्या ठोकाठोकीत ऐकू यायचा नाही. ओटा फोडला, नळाची लाईन काढली, वरच्या भिंतीला भोक पाडलं. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या, मी सांगायचे, काम चालू आहे. एवढंच.

भनपुरी, चुकून

एक दिवस शोभाताईला दवाखान्यात जायचं होतं आणि आम्ही ठरवलं की बूढापाऱ्याला आपल्या आपण जायचं. तिथे शोभाताईच्या धाकट्या जावेचं घर आहे. जुनं गाव तेच, तलावाच्या काठाला. चौबे कॉलनीच्या तोंडाशी एक शेअर रिक्षा थांबली. मागे हॉर्न वाजत होते. वहिनी म्हणाल्या, बूढापारा. रिक्षावाल्यानं मान हलवली, बैठो दीदी, आणि आम्ही बसलो.

बराच वेळ गेला. तलाव काही येईना. घरं विरळ झाली, मग गोदामं आली, मग ट्रकच ट्रक. वजनकाटे, टायरची दुकानं, लोखंडी सळ्यांचे ढीग, धुरानं राखाडी झालेली झाडं. मी म्हटलं, वहिनी, जुनं गाव असं असेल का? वहिनी म्हणाल्या, जुनंच दिसतंय की. शेवटी रिक्षावाल्यानं रिक्षा उभी केली आणि म्हणाला, लो दीदी, भनपुरी.

त्याचा दोष नव्हता. त्या गोंगाटात बूढापाऱ्याचं भनपुरी कोणीही ऐकलं असतं. परत जायला तो तयार होता, पण आधी त्याला कुठेतरी माल उतरवायचा होता. आम्ही दोघी बायका ट्रकांच्या त्या महासागरात पिशव्या छातीशी धरून उभ्या. इतक्यात एका टपरीवरून एका बाईनं हाक मारली. तिनं बाकावरच्या दोन ड्रायव्हरांना उठवलं आणि आम्हाला बसवलं. आम्ही कोण, कुठल्या, कशा आलो हे सगळं ऐकून घेतलं आणि हसली. मग तव्यावर चीले टाकले. ड्रायव्हर उभ्यानं खात होते. त्यातला एक अकोल्याचा निघाला. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून त्यानं घरची आठवण काढली, आणि वहिनी त्याच्याशी असं बोलायला लागल्या की जणू तो त्यांच्या गल्लीतला पोट्टा. परतीची रिक्षाही त्यानंच ठरवून दिली, आणि रिक्षावाल्याला तीन वेळा बजावलं, बूढापारा, तालाब के पास, महाराष्ट्र की दीदी हैं.

परत येताना वहिनींना हसू आवरेना. “तू मला विचारलंस, जुनं गाव असं असेल का, आणि मी म्हटलं असेल. आणि तू ऐकलंस.”

मी म्हटलं, “तुम्ही म्हणालात म्हणून.”

त्यांचं हसू थांबलं. त्या बाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले.

बूढापारा

पारा म्हणजे वस्ती. बूढा तलावाच्या काठची ही वस्ती अरुंद गल्ल्यांची. स्कूटरवाला समोरून आला की आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं आणि घरातल्या माणसानं म्हणायचं, आइए ना, बैठिए. संध्याकाळी तलावावर दिवे लागतात आणि लोक नुसते काठाला उभे राहतात. नाशिकला आमच्याकडे गोदा आहे, पण आम्ही नदीवर जातो ते काही कामानं. कोणाचं काही असतं म्हणून. इथली माणसं पाण्याजवळ नुसती उभी राहायला जातात, हे मला फार आवडलं.

संक्रांतीनंतर इथल्या मराठी बायका मिळून हळदीकुंकू करतात. या वर्षी खाण्याचं शोभाताईकडे होतं आणि कार्यक्रम तिच्या जावेच्या बूढापाऱ्यातल्या घरी. शोभाताईनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की माझी नाशिकची बहीण करणार आहे, बघा काय सुगरण आहे. वहिनींनी मेनूही ठरवला होता. पण आदल्या दिवशी पहाटे आम्ही खारुन नदीवर महादेव घाटाला गेलो. धुकं पाण्यावर उतरलेलं, झुलत्या पुलावरून पलीकडचं काही दिसत नव्हतं, घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. वहिनी हट्टानं पाण्यात पाय सोडून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ताप.

मी त्यांच्या उशाशी जाऊन विचारलं, मग आता काय करायचं? डाळ भिजवू का? त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

“तूच ठरव.”

“पण तुम्ही तर वाटली डाळ म्हणाला होतात.”

“नीलम, तूच ठरव,” असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. इतकी वर्षं मी रोज दोन वेळा स्वयंपाक केला आहे. पंगती उठवल्या आहेत. पण त्या क्षणी मला एक पदार्थ सुचेना. मला करता सगळं येत होतं, ठरवता येत नव्हतं. आणि ज्यांनी ठरवायचं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मला वाटलं, वेगळं निघायचं ते इथूनच सुरू झालं.

शोभाताई स्कूटरची किल्ली घेऊन आली. “चाल, बाजारात जाऊ. काय दिसते ते पाहू. बूट चांगले आले असतील आता.”

मी म्हटलं, ताई, आत्ता चपला-बुटांना कुठे वेळ आहे? ती इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. बूट म्हणजे ओला हरभरा. बाजारात जुड्याच्या जुड्या ओल्या हरभऱ्याची झाडं रचली होती, घाटे टपोरे, अजून दव असलेले. ते बघितलं आणि मला एकदम आमच्याकडची सोलाण्याची उसळ, सोलाण्याचे वडे आठवले. माझी आई करायची. वहिनींच्या हाताखाली आल्यावर मी ते कधी केले नव्हते, कारण वहिनींच्या माहेरी ते करत नाहीत. मी भाजीवालीला म्हटलं, सगळं द्या. ती म्हणाली, हव.

जुड्या घेऊन आम्ही थेट शोभाताईच्या जावेकडे गेलो आणि सोलायला बूढापाऱ्यातल्या चार घरच्या बायका आल्या. मी वाटण केलं, आलं-मिरची, कोथिंबीर, जिरं. पहिला घाणा तेलात सोडला आणि वडे फुटून चुरा झाला. कढईभर हिरवा चिखल. तेवढ्यात कार्यालयातून लवकर सुटून आलेली पल्लवी पर्स खांद्यावर तशीच ठेवून कढईत डोकावली आणि म्हणाली, “चाची, थोडा चावल का आटा डालो ना.” इथे सगळ्याला तांदळाचं पीठच उपाय. घातलं. दुसरा घाणा अख्खा निघाला, बाहेरून खरपूस, आत हिरवागार. त्याच्यासोबत दुबराज तांदळाची खीर केली. तो तांदूळ शिजताना शेजारच्या घरात वास जातो.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी वडे दोनदा मागून घेतले. एक वयस्कर बाई, ज्यांची मराठी निम्मी हिंदी होती, त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? मी सवयीनं ‘आमच्या वहिनींनी’ म्हणायला तोंड उघडलं. शोभाताई आधी बोलली. “नीलमनं. तिनंच ठरवलं, तिनंच केलं.”

घरी येऊन मी वहिनींना एका वाटीत दोन वडे दिले. त्यांनी उठून बसून खाल्ले. म्हणाल्या, तिखट जरा पुढे गेलंय. मग वाटी बोटानं पुसून खाल्ली.

सिरपूर

वहिनी बऱ्या झाल्यावर शोभाताईनं गाडी ठरवली आणि आम्ही सिरपूरला गेलो. महानदीच्या काठाला शेतांमध्ये हे जुनं गाव आहे, आणि तिथे विटांचं एक देऊळ आहे, हजार वर्षांहून अधिक काळ उभं असलेलं. दगडी देवळं आपण खूप बघितली. पण विटेत कोरलेलं देऊळ मी पहिल्यांदाच बघत होते. लाल विटा इतक्या बारीक सांध्यानं बसवलेल्या की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. आणि त्या विटांवरच खिडक्या, कमानी, वेली कोरलेल्या. दाराची चौकट तेवढी दगडाची. सकाळच्या उन्हात अख्खं देऊळ गेरूसारखं दिसत होतं. हिरवळ, दोन-चार माणसं, पाखरं. मी दोन वेळा भोवती फिरले. वहिनी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, आपल्या कंत्राटदाराला आणून दाखवायला पाहिजे. त्यावर शोभाताई म्हणाली, तो याचाही खर्च काढून देईल.

नंतर शोभाताई झाडाखाली सतरंजी घालून पडली आणि आम्ही दोघी नदीकडे चालत गेलो. महानदीचं पात्र प्रचंड, पण जानेवारीत वाळूच जास्त, मधून निळ्या पाण्याचे पट्टे. लांबवर कोणीतरी वाळूत कलिंगडाचे वेल लावत होतं.

वहिनी एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “त्या दिवशी ताप होता, पण मला उठता आलं असतं.”

मला कळलं नाही त्या काय म्हणतायत.

“हळदीकुंकवाच्या दिवशी. उठून खुर्चीत बसून सांगता आलं असतं. मी नाही उठले.” मग म्हणाल्या, “आणि वरचं स्वयंपाकघर मीच मागितलं. ह्यांनी नाही, तुझ्या नवऱ्यानं नाही. ते दोघं तर नको म्हणत होते.”

जे मला आतून माहीत होतं तेच त्या सांगत होत्या. पण माहीत असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मी विचारलं, “माझं काय चुकलं?”

“तुझं काही नाही चुकलं, हेच तर. इतक्या वर्षांत तुझं एकदाही चुकलं नाही, कारण तू माझंच केलंस.” आणि मग त्या, माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच, शोभाताईच्या घरातल्या भाषेत बोलल्या. “मले माहीत हाय मी कशी हाय ते. उद्या सून येईन. मी तिच्यासमोर तुले म्हणीन, मीठ टाक, गॅस कमी कर. म्हणीनच. माझ्या जिभेले सवय हाय. पन्नाशीच्या बाईले मी सुनेसमोर असं बोलू? अन् ती पोट्टी काय शिकन त्याच्यातून? तिलेबी वाटन, काकूशी असंच बोलायचं असते.”

मी म्हटलं, “मला विचारायचंत तरी.”

“विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हणाले असते, तुम्ही म्हणाल तसं.

मी उठले आणि एकटीच देवळाकडे गेले. राग आला होता. इतक्या वर्षांच्या हाताखालच्या कामाचा निकाल त्यांनी परस्पर लावला, तोही माझ्या भल्यासाठी, म्हणजे रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाही. विटांच्या भिंतीला हात लावून मी उभी राहिले. ऊन चढलं होतं, भिंत तापली होती. हळूहळू मला त्या हिरव्या घाट्यांच्या जुड्या आठवल्या, ‘सगळं द्या’ म्हणतानाचा माझाच आवाज. तो आवाज मला अनोळखी वाटला होता, आणि आवडलाही होता. हे वहिनींनी माझ्याआधी कितीतरी दिवस ओळखलं होतं.

परत आले तर वहिनी शोभाताईजवळ सतरंजीवर बसून मटार सोलत होत्या. वाटेत घेतलेला मटार रिकाम्या हातांना बघवत नव्हता. मी शेजारी बसले आणि सोलायला लागले. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. मागे गवंडी. वरच्या स्वयंपाकघराचा ओटा पूर्वेच्या खिडकीखाली घ्यायचा की आतल्या भिंतीला, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं, सिमेंट कालवून झालं होतं. “वहिनींना विचार ना,” ते म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

वहिनींचा हात शेंगेवर थांबला. त्यांचं मत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. खिडकीखाली ओटा घेतला की वाऱ्यानं गॅस विझतो, हे त्या कितीदा तरी म्हणाल्या आहेत. त्यांनी ओठ आवळून धरले आणि शेंग सोलली.

मी म्हटलं, “खिडकीखाली घ्या. मला बाहेर बघत स्वयंपाक करायचाय.”

शोभाताई तोंड फिरवून हसत होती.

घरी

परतताना शोभाताईनं दुबराज तांदूळ बांधून दिला, आणि पल्लवीनं स्टेशनवर मला वाकून नमस्कार करून म्हटलं, “काकू, परत या.” चार शब्दही नाहीत, पण मराठीत. शोभाताईनं डोळे पुसले ते कोणासाठी, ते मला नक्की सांगता येणार नाही.

नाशिकला घर ओळखू येईना. रंगाचा वास, पायाखाली बारीक धूळ, खाली चकचकीत फरशी, आणि वर, माझ्या झोपायच्या खोलीच्या शेजारी, खिडकीखाली एक काळा ओटा. खिडकीतून शेजारच्यांचा कडुनिंब दिसतो. वारा येतो आणि गॅस खरंच विझतो. मी एक पत्रा आडवा लावला आहे.

पहिल्या दिवशी वर एकटीनं स्वयंपाक केला. काय करायचं ते ठरवायला अर्धी सकाळ गेली. शेवटी भात आणि मटारची उसळ. कुकर उघडला तर भात पाच-सहा माणसांचा. हाताला दोघांचा अंदाजच नव्हता. आम्ही दोघं पोटभर जेवलो तरी पातेलं तसंच. खाली नेऊन द्यावा असं मनात आलं, पाय जिन्यापर्यंत गेलेही. मग मी परत वळले, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ठरवलं की संध्याकाळी फोडणीचा भात करायचा.

संध्याकाळी कांदा चिरत होते तेव्हा जिन्यात पावलं वाजली. वहिनी अर्ध्या जिन्यात थांबल्या, वर आल्या नाहीत. त्यांच्या हातात झाकण घातलेलं पातेलं होतं.

“नीलम, तुझ्याकडे भात उरलाय का?” त्यांनी खालूनच विचारलं. “माझा हा एवढा झालाय. मला वाटलं, तू मागे उभी आहेस.”